प्रकल्प नोंदी: हेलपाट्यांचा हिशेब (एक्स, न्यूज आणि साडेआठ)

शनिवार, ११ जानेवारी २०२५

काल ऑफिसात ज्युनियर एक वाक्य बोलून गेला आणि मी गप्प बसलो. तेच सलतंय. युरोपातल्या एका ग्राहकाच्या प्लांटमधला जुना मोटिफ प्रोग्राम (मोटिफ म्हणजे एक्सवर बटणं-मेनू बनवायचं टूलकिट) आमची टीम सांभाळते. प्रोग्राम तिकडच्या लिनक्सवर चालतो, खिडकी व्हीपीएनवरून इकडे पुण्यात उघडते. पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायचा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आसपास. मुख्य खिडकी पूर्ण उमटायला दोन मिनिटं लागतात. चहा घेऊन परत या, शेवटची बटणं तेव्हा उगवत असतात. ज्युनियर म्हणाला, "सर, एक्सच जुनाट आहे. चाळीस वर्षांपूर्वीचं डिझाइन, नेटवर्कवर स्लो असणारच."

पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. एक्स म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणारी विंडो सिस्टिम, आणि तिचा जन्मच मुळी नेटवर्कसाठी झालेला. आणि त्याच काळात तिच्याशी टक्कर घेणाऱ्या दुसऱ्याही विंडो सिस्टिम होत्या. त्या या तारेवर कशा वागल्या असत्या?

बसून करून बघायचं ठरवलं. तीन गडी: एक्स११, सन या वर्कस्टेशन कंपनीची न्यूज, आणि बेल लॅब्जची ८½, जिला मी घरात 'साडेआठ' म्हणतो. (न्यूज म्हणजे बातम्या नव्हेत, 'नेटवर्क एक्स्टेन्सिबल विंडो सिस्टिम'. हे घरी दोनदा समजावून झालं.) कसोटी एकच: बटण दाबून माउस ओढला की रेघ रबरासारखी ताणली जावी, सोडला की पक्की व्हावी. ओढताना हाताला काय जाणवतं ते बघायचं.

सनचीच दुसरी विंडो सिस्टिम सनव्ह्यू आधीच बाद. तिच्यात प्रत्येक खिडकी म्हणजे कर्नलमधलं एक डिव्हाइस. प्रोग्राम एका यंत्रावर आणि त्याची खिडकी दुसऱ्यावर, ही सोयच नाही. कार्नेगी मेलनची अँड्र्यू नेटवर्कवाली होती, पण ती वाचण्यापुरतीच ठेवतो.

रविवार, १२ जानेवारी

आख्खा दिवस सनची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम सनओएस ४.१.४ क्यूईमू या एम्युलेटरमध्ये बसवण्यात गेला. स्पार्कस्टेशन ५चं सोंग, सीजी-थ्री फ्रेमबफर, ११५२ × ९००, आठ बिट रंग. अडकलो कुठे, तर डिस्कच्या नंबरावर. सनच्या या यंत्रांवर पहिली डिस्क स्कझी टार्गेट ३ वर आणि सीडी ६ वर असते. मी सवयीने डिस्क शून्यावर लावली होती. इन्स्टॉलर तिला ओळखायलाच तयार नाही. डिस्क २ जीबीच्या आतली ठेवली, टार्गेट बदललं, मग गाडी रुळावर.

या सगळ्या खटाटोपाचं कारण एकच. सनओएसबरोबर येणाऱ्या ओपनविंडोज ३ मधला सर्व्हर दुतोंडी आहे: एकाच प्रोसेसमध्ये एक्स११ही आणि न्यूजही. (इथे सर्व्हर म्हणजे पडदा आणि माउस सांभाळणारा, क्लायंट म्हणजे ज्याला खिडकी हवी तो प्रोग्राम.) पोर्ट ६००० वर एक्सचे क्लायंट ऐकतो, पोर्ट २००० वर न्यूजचे. तोच पडदा, तीच तार, तोच माउस. याहून निष्पक्ष पंच मिळणार नाही.

सोमवार, १३ जानेवारी

रात्री अर्धा तासच. पाहुण्या सनला जोडणाऱ्या टॅप इंटरफेसवर लिनक्सच्या नेटएमने ७५ मिलिसेकंदांचा उशीर लावला. येताना ७५, जाताना ७५, मिळून १५०, असा हिशेब. पिंग मात्र ७५च दाखवतोय. वीस मिनिटं डोकं खाजवलं. नेटएम फक्त बाहेर पडणाऱ्या पॅकेटांना अडवतं, म्हणजे लिनक्सकडून सनकडे जाणाऱ्यांनाच. उलट दिशा मोकळी. एकाच बाजूला सरळ १५० लावले. हेलपाटा पूर्ण व्हायला तेवढाच वेळ लागणार. उशीर जाताना झाला की येताना, वाट पाहणाऱ्याला फरक पडत नाही.

'राउंड ट्रिप'ला मी या नोंदींत हेलपाटा म्हणणार आहे. कचेरीत एकेका कागदासाठी ज्याने खेपा घातल्यात त्याला अर्थ सांगावा लागणार नाही.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

एक्सची पाळी. एक्सलिब या एक्सच्या सी लायब्ररीवर साधा प्रोग्राम, लिनक्सवर चालवला, खिडकी सनच्या पडद्यावर. २०२५चा क्लायंट आणि १९९४चा सर्व्हर, तरी कसलीही कुरकुर नाही.

एक्सट्रेस लावून तारेवरचे बाइट पाहिले. अगदी पहिला बाइट ०एक्स६सी, म्हणजे धाकट्या लिपीतलं 'एल'. क्लायंट सर्व्हरला सांगतो: मी लहान टोकाकडून बाइट लिहितो. स्पार्क उलटा, मोठ्या टोकाकडून. त्याच्या घरचा क्लायंट 'बी' पाठवतो, ०एक्स४२. उलटापालट करायची ती सर्व्हरने. १९८७ मध्ये एकाच इमारतीत व्हॅक्स आणि सन शेजारी असायचे, तेव्हा हा एक बाइट फार मोलाचा होता. चर्चा मात्र पिक्सेलांची होते.

आता रेघ. माउस हलला की सर्व्हर ३२ बाइटांचा इव्हेंट पाठवतो. एक्समध्ये सगळे मूळ इव्हेंट ३२ बाइटांचेच. क्लायंट जुनी रेघ पुसून नवी काढतो. एक्सओआरने काढायची असल्यामुळे (तीच रेघ दुसऱ्यांदा काढली की पुसली जाते) दोन्ही रेषाखंड एकाच विनंतीत बसतात: १२ बाइटांचं डोकं, प्रत्येक खंडाला ८, एकूण २८ बाइट. सेकंदाला ६० इव्हेंट धरले तरी येताना १,९२० आणि जाताना १,६८० बाइट. त्या काळच्या १० मेगाबिट इथरनेटलाही हा भार म्हणजे हत्तीवर माशी. तरीही 'एक्स फार बँडविड्थ खाते' ही तक्रार मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलोय.

(आठ बिटांच्या पडद्यावर एक्सओआरने रंगाचा नव्हे, रंगतक्त्यातल्या नंबराचा एक्सओआर होतो. माझी काळी रेघ भडक गुलाबी निघाली. पुढच्या-मागच्या रंगांच्या नंबरांचा आधी एक्सओआर करून तो दिला, मग शुद्धीवर आली.)

उशीर शून्य असताना मस्त. १५० लावल्यावर बाण हातासोबत पळतो, कारण बाण सर्व्हर स्वतः काढतो. रेघ मात्र मागून येते. मुलगी गच्चीवरून पतंग उडवून खाली आली होती, तिने दोन मिनिटं ओढून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मांजाला ढील फार झालीय." बरोब्बर. ढील आहे, पण रेघ तुटत नाही: इव्हेंट एकामागून एक येत राहतात, उत्तरं एकामागून एक जात राहतात, कुणी कुणासाठी खोळंबत नाही.

मग मुद्दाम वाईट प्रोग्राम लिहिला. प्रत्येक हालचालीला सर्व्हरला विचारायचं, "माउस आता नेमका कुठे आहे?" हे एक्सक्वेरीपॉइंटर, याला उत्तर लागतं. एका सेकंदात जेमतेम सहा-सात उत्तरं येतात, १५० मिलिसेकंदांत एक. रेघ पायऱ्या उतरल्यासारखी टकटक चालते. बाइट जवळपास तेवढेच. प्रोटोकॉल तोच. फरक एवढाच की आता क्लायंट दाराशी उभा राहून वाट बघतोय.

तिळगूळ कीबोर्डवर सांडला. स्पेसबार अजून कुरकुरतो.

रविवार, १९ जानेवारी

आज न्यूज. या दिवसाची सगळ्यात जास्त वाट पाहिली होती.

न्यूजची गंमत अशी की क्लायंट तारेवरून रेघा पाठवत नाही, प्रोग्राम पाठवतो. सर्व्हर म्हणजे पोस्टस्क्रिप्ट या चित्र काढायच्या भाषेचा इंटरप्रिटर. त्यात सनच्या जेम्स गॉसलिंग आणि डेव्हिड रोझेन्थाल यांनी हलक्या प्रोसेस, कॅनव्हास, इव्हेंट आणि कचरा गोळा करणारी मेमरी व्यवस्था घातली. पोर्ट २००० ला जोडलं की सर्व्हर तुमच्यासाठी एक नवी प्रोसेस उघडतो आणि तुम्ही जे टाइप कराल ते चालवतो. क्लायंट लायब्ररी नसली तरी भागतं: लिनक्सवरून साध्या नेटकॅटने जोडलं, हाताने चार शब्द टाइप केले, मूव्हटू, लाइनटू, स्ट्रोक, आणि तिकडे पडद्यावर रेघ उमटली. मी एकटाच होतो, तरी मोठ्याने हसलो.

आधी थोडी कसरत झाली. ओपनविंडोज 'नोऑथ'ने सुरू करून एक्सहोस्टने दार उघडावं लागलं. आणि सनवरच्या त्यांच्या स्वतःच्या हत्यारांना न्यूजसर्व्हर नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल हवा असतो. त्यात आयपी पत्ता ठिपके देऊन नाही, एका सलग आकड्यात लिहायचा. १९२.१६८.५.१५ म्हणजे ३२३२२३६८१५. मागे ठिपका आणि २०००. एक्सचं 'डिस्प्ले' यापुढे फारच माणसाळलेलं वाटतं.

रबराची रेघ न्यूजमध्ये एका ओळीत होते. 'गेटअॅनिमेटेड' नावाचा शब्दच आहे: सुरुवातीचा बिंदू द्या, कंसात 'इथून तिथे रेघ' एवढं लिहा, बाकी सगळं सर्व्हर बघतो. माउसचा माग काढणारी प्रोसेस सर्व्हरमध्येच जन्मते, रेघ वरच्या पारदर्शक थरावर निघते, बटण दाबलं की बिंदू हातात येतो.

१५० मिलिसेकंदांवर ओढून पाहिलं. काही नाही. म्हणजे उशीर नाहीच. रेघ बाणाला घट्ट चिकटलेली. उशीर वाढवून ५०० केला, तरी तेच. पॅकेट मोजायचा प्रोग्राम लावला, तर ओढताना तारेवर शुकशुकाट. फक्त शेवटी, क्लिक झाल्यावर, एक बिंदू क्लायंटकडे निघाला. हाताला जे लगेच लागतं ते हाताजवळ ठेवलं आणि जे खरंच सांगण्यासारखं आहे तेवढंच तारेवर घातलं.

अर्धा तास मी न्यूजच्या प्रेमात होतो.

मग म्हटलं, रेघेबरोबर तिची लांबीही दाखवू. गेटअॅनिमेटेड सोडून स्वतः लिहायला घेतलं: क्रिएटइव्हेंट, एक्सप्रेसइंटरेस्ट, मग लूपमध्ये अवेटइव्हेंट. लूपच्या एका फांदीत अवेटइव्हेंट लिहायला विसरलो. पोस्टस्क्रिप्टमध्ये स्टॅकवर काय शिल्लक आहे हे डोक्यात धरून लिहावं लागतं, आणि माझं डोकं आता पंचविशीतलं नाही. लूप सुरू झाला आणि पडदा गारठला. माझी खिडकीच नाही, सगळ्याच खिडक्या. न्यूजच्या हलक्या प्रोसेस एकमेकींना आपणहून वाट देतात. 'पॉज' म्हटलं किंवा इव्हेंटची वाट बघत थांबलं तरच दुसरीची पाळी येते. माझी प्रोसेस थांबतच नव्हती. शेजारी एक्सचा चाचणी प्रोग्राम उघडा होता, बिचारा निर्दोष, तोही ठप्प: एकाच सर्व्हरच्या पोटात दोघे.

टेलनेटने आत शिरून सर्व्हर मारला. न सेव्ह केलेलं सगळं गेलं.

सोमवार, २० जानेवारी

कालच्या फजितीवर सकाळी बसमध्ये विचार. एक्समध्ये माझ्या चुकीने माझा प्रोग्राम मरतो. सर्व्हरला मी फक्त ठरलेल्या विनंत्या देऊ शकतो. मूळ प्रोटोकॉलमध्ये त्या १२० आहेत, त्यापलीकडे त्याच्याकडून काही करवून घेता येत नाही. न्यूजमध्ये मी सर्व्हरचाच एक भाग होऊन जातो. शिवाय प्रोग्राम दोन भाषांत फाटतो, अर्धा सी आणि अर्धा पोस्टस्क्रिप्ट, आणि कुठला अर्धा कुठे राहावा हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. आज ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट लिहिणारी पोरं हेच रोज ठरवतात, पण त्यांच्या टॅबला निदान स्वतंत्र भिंती आहेत.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि दिवसभर वाचन. एक गोष्ट माहीत होती, पण तिचा अर्थ आज डोक्यात शिरला.

एक्सच्या आधी स्टॅनफर्डमध्ये डब्ल्यू होती. पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी व्ही नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी केलेली. इंग्रजी बाराखडीत व्हीनंतर डब्ल्यू, म्हणून ते नाव. तिचा संवाद सिंक्रोनस होता: विनंती करा, उत्तर येईपर्यंत थांबा, मग पुढची. १९८४ च्या जूनमध्ये एमआयटीच्या बॉब शाइफलरने डब्ल्यूचा बराच कोड उचलला, त्याभोवती असिंक्रोनस इंटरफेस गुंडाळला आणि पुढचं अक्षर घेऊन नाव ठेवलं एक्स. यंत्र होतं डेक कंपनीचं व्हीएस१००. तेव्हाच्या त्याच्या पत्रात वेग साधारण दुप्पट झाल्याचा उल्लेख आहे.

म्हणजे डब्ल्यू आणि एक्स यांच्यातला पहिला फरक चित्र काढण्याचा नव्हताच. विनंत्या देत सुटायचं, उत्तर नको असेल तिथे थांबायचं नाही, ही एक्सची जन्मखूण. 'एक्स नेटवर्कवर स्लो असणारच' म्हणणाऱ्याला खरं तर हे सांगायला हवं होतं.

पुढचं झरझर. जिम गेटिस आणि प्रोजेक्ट अथेना, एमआयटीत डेक आणि आयबीएम यांच्या मदतीने चाललेला. १९८६ मध्ये सनने न्यूज जाहीर केली. १५ सप्टेंबर १९८७ ला एक्स११ बाहेर. जानेवारी १९८८ मध्ये एक्स कन्सॉर्शियम. प्रोटोकॉलचा आकडा तेव्हापासून ११च.

न्यूज का हरली? कागदावर तीच उजवी होती, माझा १९ तारखेचा हातही तेच सांगतो. पण एक्सचा सोर्स एमआयटी जवळपास फुकट वाटत होती आणि न्यूजचा परवाना सनकडून विकत घ्यावा लागे. वर्कस्टेशन विकणाऱ्या बाकीच्या कंपन्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या घरची वस्तू पैसे मोजून का घ्यावी? मग सनलाच दोन्ही तोंडांचा सर्व्हर बांधावा लागला, आणि १९९३ मध्ये सोलारिस २.३ बरोबर आलेल्या ओपनविंडोजमधून न्यूज काढून टाकली. पोस्टस्क्रिप्ट हवंच तर अडोबीचं डिस्प्ले पोस्टस्क्रिप्ट तिथे बसवलं.

एक मजा राहिली. गॉसलिंग आणि रोझेन्थाल दोघेही आधी अँड्र्यूवर होते. त्यातल्या रोझेन्थालनेच पुढे एक्सच्या क्लायंटांनी एकमेकांशी कसं वागावं याची नियमावली लिहिली, आयसीसीसीएम. ती लिहिताना मनातल्या मनात तो न्यूजच्या बाजूने हळहळत असणार, असा माझा पक्का ग्रह. पुरावा नाही. गॉसलिंगने तारेवरून प्रोग्राम पाठवायची हौस नंतर जावात भागवून घेतली.

शनिवार, १ फेब्रुवारी

साडेआठ. मूळ ८½ रॉब पाइकची, १९९१ ची. मी चालवली ती तिची धाकटी बहीण रिओ, ९फ्रंटवर, म्हणजे बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आजच्या अवतारावर. बसवायला तासही लागला नाही, सनच्या मानाने सुट्टीच.

कल्पना इतकी नेटकी की वाचूनच जीव निवतो. विंडो सिस्टिम म्हणजे एक फाइल सर्व्हर. प्रत्येक खिडकीला स्वतःचा माउस, स्वतःचा कन्सोल, सगळे फाइलच्या रूपात. माउस वाचायचा तर फाइल वाचा. ज्या फाइली रिओ स्वतः वापरते त्याच ती पुढे देते, त्यामुळे रिओच्या एका खिडकीत दुसरी रिओ चालते, तिच्यात तिसरी. नेटवर्कसाठी वेगळं काहीच नाही: दूरच्या यंत्राने तुमचं डेव्ह फोल्डर ९पी प्रोटोकॉलवरून जोडून घ्यायचं, झालं.

तीन खिडक्या एकात एक उघडून मुलीला दाखवल्या. तिला पतंग जास्त आवडला होता.

मग १५० मिलिसेकंद लावले आणि रेघ ओढली. टकटक, टकटक. थेट माझा तो मुद्दाम वाईट लिहिलेला एक्सप्रोग्राम. कारण उघड आहे: माउसची फाइल वाचायची म्हणजे 'वाच' असा निरोप पाठवायचा, उत्तर आल्यावर पुढचा 'वाच'. एका वेळी एकच मागणी हवेत. सेकंदाला सहा-सात जागा, त्याहून जास्त नाहीत. तिघांत सगळ्यात देखणी रचना, आणि लांब तारेवर सगळ्यात जास्त हेलपाटे तिलाच. एका इमारतीतल्या वेगवान जाळ्यावर हे कधी कळलंही नसतं.

लिनक्सवरची नवी वेलँडही लावून बघावी असं ज्युनियर म्हणत होता. तिच्या प्रोटोकॉलला नेटवर्कशी घेणंच नाही. क्लायंट तयार चित्राचा बफर स्थानिक कंपोझिटरच्या हाती देतो, दूर न्यायचं तर वेपाइपसारखं कुणीतरी मध्ये बसवायचं. वेगळा विषय, वेगळी वही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

तीन आठवडे खेळणी झाली, आता ऑफिसचा मूळ प्रश्न. खरं तर हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. एक्सट्रेस त्या मोटिफ प्रोग्रामपुढे लावला आणि खिडकी उघडली.

आधी वाटलं अॅटम असतील. टूलकिट सुरू होताना नावांचे नंबर एकेक करून मागतं, इंटर्नअॅटम, प्रत्येकाला उत्तर लागतं. माझ्या चाचणी प्रोग्रामात असे २४ होते: ३.६ सेकंद नुसते दाराशी. एक्स११ आर६ पासून एक्सइंटर्नअॅटम्स आहे, शेवटी 'स' असलेलं. ते सगळे एका दमात पाठवतं. पण अॅटमांनी दोन मिनिटं जात नाहीत.

नोंद उलगडली तर ही अशी: क्रिएटविंडो. मग गेटइनपुटफोकस. उत्तर. चेंजप्रॉपर्टी. गेटइनपुटफोकस. उत्तर. मॅपविंडो. गेटइनपुटफोकस. उत्तर. सुमारे ८०० विनंत्या आणि प्रत्येकीच्या शेपटाला एक गेटइनपुटफोकस. फोकस कुठे आहे याच्याशी प्रोग्रामला काडीचंही देणंघेणं नाही. एक्ससिंक, म्हणजे आधीच्या विनंत्या पार पडेपर्यंत थांबणं, करायचं तर ज्याचं उत्तर स्वस्तात मिळतं असं काहीतरी विचारावं लागतं, म्हणून एक्सलिब हे विचारते. ८०० गुणिले १५० मिलिसेकंद, १२० सेकंद.

कुणीतरी सिंक्रोनस मोड चालू ठेवला होता. डीबग करताना चूक नेमक्या कुठल्या विनंतीवर आली ते कळावं म्हणून असतो तो. एक्सची पुन्हा डब्ल्यू करून ठेवली होती.

ज्युनियरला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ स्क्रोल करत राहिला, मग म्हणाला, "सर, हे तर आपल्याच साइडचं असणार."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सापडलं. प्रोग्रामच्या अॅप-डीफॉल्ट्स फाइलमध्ये, रंगांच्या आणि फॉन्टच्या ओळींखाली: तारांकन, सिंक्रोनस, कोलन, ऑन. फाइलचा इतिहास काढला. ओळ २०११ ची, शेरा 'तात्पुरतं, क्रॅश शोधण्यासाठी'. टाकणारा लॉगिन माझाच.

ऑफ केलं. तिकडे बदल पोचायला संध्याकाळ झाली. खिडकी उघडली तेव्हा ज्युनियर चहाला निघाला होता, दारापर्यंतही पोचला नव्हता.